काजळीचं बोट

सिग्नल हिरवा झाला, साहेबांनी पाय दाबला, आणि गाडी चढावर थकलेल्या म्हाताऱ्यासारखी नुसती धापा टाकत राहिली. मागून भोंगे सुरू झाले. समोरच्या पट्टीवर एक पिवळा दिवा पेटला होता: एक डबा, डब्यात ठिपके. शेजारी बसलेल्या बायकोनं विचारलं, "काय झालं हो?" साहेब दिव्याकडे बघत राहिले. त्या दिव्याची आणि त्यांची ओळख जुनी होती. वाहन तपासणीच्या आवारात त्यांनी उभी हयात काढली होती, आणि हा दिवा लावून येणाऱ्या दर गाडीच्या मालकाला ओठांच्या कोपऱ्यातून एकच वाक्य ऐकवलं होतं, "फिल्टर मेलाय. बदला, मग या." ते ऐकून मालकाचा चेहरा जसा पडायचा तसा आपला आत्ता पडला असेल, हे मनात आलं म्हणून त्यांनी आरशात बघायचं टाळलं. मागचा टेम्पोवाला डोकं बाहेर काढून ओरडला, "आजोबा, ढकलू का?" निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी आजोबा म्हटलेलं त्यांना चालत नव्हतं. शिवाय आजोबा व्हायला मुलगा तरी घरात असावा लागतो.

गाडीचा दोष नव्हता, हे त्यांना कळत होतं. डिझेलच्या गाडीत धुराच्या वाटेवर एक डबा असतो, त्याच्या आत भाजक्या मातीची बारीक जाळी असते, आणि धुरातली काजळी तिच्यात अडकते. गाडी लांब पल्ल्याला जोरात धावली की डबा तापतो आणि साठलेली काजळी आपोआप जळून जाते. ही गाडी मात्र गेली दोन वर्षं घर ते दवाखाना आणि दवाखाना ते घर एवढीच चालली होती. बायकोचं खुब्याचं हाड मोडल्यापासून आठवड्यातून दोनदा तिला व्यायामाला न्यायचं, दहा मिनिटं जायला, दहा यायला. तापायच्या आत इंजिन बंद व्हायचं. चौदा वर्षांची गाडी, तिनं तरी किती सोसायचं? "त्याच्याकडे नेऊ या ना," बायको म्हणाली. 'त्याच्याकडे' म्हणजे कुणाकडे हे या घरात अकरा वर्षं सांगावं लागत नव्हतं. नाव काढलं नाही की भांडण होत नाही, हा शोध नवराबायकोनं मिळून लावला होता. "फिल्टरचंच काम करतो म्हणे. लांबलांबून येतात लोक." "म्हणे?" साहेबांनी विचारलं. साहेब अंघोळीला गेले की नळाच्या आवाजाआड ती मुलाला फोन करायची, हे त्यांना ठाऊक होतं. कधीकधी ते मधेच नळ बंद करत आणि ओल्या अंगानं उभे राहून ऐकत, बाहेर अर्धं वाक्य कसं गिळलं जातं ते. त्यात त्यांना बारीकशी मजा वाटायची. "इतक्या वर्षांत मी काही मागितलं नाही," ती काठीच्या मुठीकडे बघत म्हणाली, "एकदा तो घरी येऊन माझ्यासमोर जेवू दे. बाकी मला काही नको. गाडीच्या निमित्तानं तरी दोन शब्द बोला त्याच्याशी." भोंगे वाजतच होते. दुसऱ्या कुठल्या गॅरेजपर्यंत गाडी पोचणार नव्हती, आणि मुलाचं गॅरेज पुढच्याच वळणावर आहे, हे कधीही तिकडे न फिरकलेल्या साहेबांना पक्कं माहीत होतं.

मुलगा एका गाडीखालून सरपटत बाहेर आला. आधी त्यानं आईचा कोपर धरून तिला खाली उतरवलं, खुर्ची दिली, खुर्चीवरचं ग्रीस पुसलं, मग "बाबा" म्हणाला. पुढे काही नाही, नुसतं बाबा. कानाजवळचे केस पिकले होते त्याचे. साहेबांनी ते केस बघितले आणि नजर त्याच्या अंगावरच्या कोटावर आणली. कोट मूळचा निळा असावा, आता तो तेलानं आणि काजळीनं काळा झाला होता, आणि ते बघून साहेबांना आठवला तो एक पांढरा शर्ट. आठवला म्हणजे काय, तो कधी विसरलाच नव्हता, आत कुठेतरी घडी घालून ठेवलेला होता. आवारात साहेबांना सगळे 'बोटवाले साहेब' म्हणत. धूर मोजायचं यंत्र होतं, पण यंत्र म्हणजे भाडोत्री साक्षीदार, असं त्यांचं मत होतं. त्याला गरम करून फसवा, नळी अर्धी घालून फसवा. बोटाला कोण फसवणार? ते वाकायचे, मागच्या पाइपात तर्जनी घालायचे, आतून गोल फिरवायचे. फिल्टर चांगला असेल तर पाइप घासलेल्या भांड्यासारखा कोरडा निघतो. फुटलेला असेल, किंवा कुणी आतली जाळी फोडून रिकामा डबा बसवला असेल, तर बोट काळं. मग ते बोट उंच धरून रांगेला दाखवायचं आणि मालकाच्याच कागदावर पुसायचं. अकरा वर्षांपूर्वी त्या रांगेत मुलगा उभा होता. कारखान्याच्या लोकांची ने-आण करायला त्यानं जुनी मिनीबस घेतली होती, दुसऱ्या दिवसापासून फेरी सुरू होणार होती, आणि आईनं इस्त्री केलेला पांढरा शर्ट घालून तो आला होता. "फिल्टर नवा बसवलाय, बाबा," तो सगळ्यांदेखत म्हणाला. साहेबांनी बोट घातलं. काळं निघालं. रांगेत चाळीस माणसं होती, आणि चाळिसांच्या मनात एकच गोष्ट होती, आता बाप पोराला सोडणार, हे त्यांना न बघता कळत होतं. त्यांनी कागद मागितला नाही. त्यांनी बोट शर्टाच्या खिशावर पुसलं, सावकाश, वरून खाली. कुणीतरी हसलं, मग रांगच हसली. फेरी दुसऱ्याला गेली, बस गेली, आणि आठवड्याभरात मुलगाही घरातून गेला. शर्ट तेवढा राहिला, बायकोनं तो कितीतरी दिवस भिजत घातला होता.

काम करताना मुलगा बोलत नव्हता. गंजलेले नट त्यानं तापवून सोडवले, दाब मोजणाऱ्या नळ्या काढल्या, डबा लेकरासारखा छातीशी धरून खाली घेतला. साहेब हात पाठीशी बांधून उभे होते. काम नीट चालत नाही असं म्हणायला त्यांना काही सापडत नव्हतं, आणि त्यामुळे ते अस्वस्थ होत होते. बोट ठेवायला जागा सापडू नये, याची त्यांना सवयच नव्हती. "बघा," मुलानं डब्याचं तोंड उजेडाकडे केलं. जाळी अर्धी तुंबून दगड झाली होती आणि उरलेल्या अर्ध्या भागात बोटभर भेग गेली होती. "फुटलाय. कधीपासून कोण जाणे. सगळी काजळी सरळ मागे जात होती." मग त्यानं खोकं उघडलं. नवा डबा, नव्या गॅस्केटा, नवे नटबोल्ट, त्यांची चकाकी गाडीखालच्या अंधाऱ्या खड्ड्यात उगाच उठून दिसत होती. सगळं आवळून झाल्यावर त्यानं एक यंत्र गाडीला जोडलं. "आता हे काय?" साहेबांनी विचारलं, तो त्यांचा पहिला शब्द. "गाडीच्या डोक्यात जुन्या काजळीची मोजणी असते. फिल्टर नवा घातला तरी तिला वाटतं सगळं भरलेलंच आहे. ती मोजणी पुसावी लागते." "आम्ही असली थेरं न करता गाड्या ओळखत होतो," साहेब म्हणाले. मुलगा हसला नाही आणि चिडलाही नाही. कोटाला हात पुसत म्हणाला, "एक सांगतो, बाबा. लगेच कुठे तपासू नका. एकदा लांब फिरवून आणा, कारण मागच्या पाइपात—" "मला शिकवू नकोस," साहेब म्हणाले. "तू चड्डीत होतास तेव्हापासून मी हे करतोय." मुलगा तिथंच थांबला. त्याच्या आईनं घाईघाईनं मधे तोंड घातलं, "रविवारी येशील ना रे जेवायला? हे नाही म्हणत नाहीत." साहेब खरोखरच नाही म्हणाले नव्हते. मुलानं वडिलांकडे एकदा बघितलं. "येईन," तो म्हणाला.

गाडी तरण्या घोड्यासारखी पळायला लागली. बायको बडबडत होती, आणि तिची बडबड साहेबांनी वर्षानुवर्षं ऐकली नव्हती. त्याला काय आवडायचं, आता आवडत असेल का, त्याच्या बायकोलाही आणायला सांगायला हवं होतं, सुनेचं तोंड फोटोतच बघितलं, तुमच्या खुर्चीवर त्याला बसू द्या हं एक दिवस. "बघू," साहेब म्हणाले. मंडईपाशी तिनं गाडी थांबवायला लावली आणि काठी टेकत रविवारसाठी भाजी घ्यायला गेली, कोणाचा हात न धरता. साहेब गाडीला टेकून उभे राहिले. ऊन मऊ होतं. त्यांना बरं वाटत होतं, आणि ते बरं वाटणं त्यांना नव्या बुटासारखं चावत होतं. म्हणजे अकरा वर्षं फुकट गेली की काय? पोरगा इतका सरळ असेल तर मग त्या दिवशी वाकडं कोण होतं? हा विचार त्यांनी पुरा केला नाही. ते गाडीच्या मागे गेले, सवयीनं वाकले, कंबर कुरकुरली. पाइप कोमट होता. त्यांनी तर्जनी आत घातली, गोल फिरवली, बाहेर काढली.

पहिल्या पेरापर्यंत बोट काळंकुट्ट होतं. आणि साहेबांना आनंद झाला. हे लपवून उपयोग नाही, त्यांना दुःख झालं नाही, राग आला नाही, घाम फुटला नाही. छातीत काहीतरी सैल झालं आणि सगळं पूर्वीच्या जागी जाऊन बसलं. रिकामा डबा! बापाच्याच गाडीला. ते चकाकणारे बोल्ट, ते मोजणी पुसणं, तो मऊ आवाज, सगळं नाटक. लगेच तपासू नका म्हणे! चोराच्या मनात चांदणं. म्हणजे त्या दिवशीही आपण चुकलो नव्हतो. अकरा वर्षांचा एकेक दिवस या बोटावर घट्ट उभा होता. मंडईच्या पायऱ्यांवरून बायको येत होती, पिशवी जड होती, चेहरा लाल झाला होता, आणि ती हसत होती. साहेबांनी बोट तळव्यात मिटून घेतलं, जपून, काजळी पुसली जाऊ नये म्हणून. "आता जरा ऑफिसकडे चक्कर मारू," ते म्हणाले. "आत्ता? भाजी कोमेजेल," ती म्हणाली. गॅरेजकडे वळून मुलाच्या अंगावर बोट पुसावं असं क्षणभर त्यांच्या मनात आलं होतं, पण त्या काळ्या कोटावर ते दिसलंच नसतं.

आवारात त्यांच्या जागी आता त्यांनीच तयार केलेला अधिकारी होता. तो खुर्चीतून उठला, चहा मागवायला लागला, आणि समोर धरलेलं बोट बघून पुन्हा खाली बसला. "साहेब, ते तुमचे चिरंजीव ना?" "म्हणूनच," साहेब म्हणाले. "मी कधी कुणाचा चिरंजीव बघितला होता का?" "पण त्यांच्याविरुद्ध कधी काही आलं नाही हो. आपण आधी यंत्र लावून बघू." "यंत्र तिथंच लाव. त्याच्या दारात." साहेबांनी लेखी तक्रार दिली, डाव्या हातानं कागद धरून, उजव्या हाताचं बोट कागदाला लागू न देता. बायकोला त्यांनी काही सांगितलं नाही. मागून सरकारी गाडी येताना दिसली तेव्हा तिनं विचारलं, "हे लोक कुठं निघालेत?" साहेब म्हणाले, "आपल्याबरोबर." मग तिनं त्यांच्या चाकावरच्या हाताकडे बघितलं, त्या एका उभ्या धरलेल्या बोटाकडे, आणि तिला कळलं. मांडीवरची पिशवी तिनं दोन्ही हातांनी आवळून धरली. "नका हो," ती म्हणाली. वळणापर्यंत तीनदा म्हणाली.

गॅरेजमध्ये दोन गिऱ्हाईकं होती, शेजारचा पंक्चरवाला होता, चहावाला होता. साहेबांनी गाडीतून उतरून बोट उंच धरलं. जुनी सवय, आवाजसुद्धा आपोआप जुना निघाला, "बघून घ्या सगळ्यांनी. हा नवा फिल्टर!" मुलगा बोटाकडे बघत राहिला. नवल वाटल्यासारखा नव्हे, वाट बघितलेली गाडी अखेर आल्यासारखा. अधिकाऱ्यानं घाईनं यंत्राची नळी पाइपात घातली, इंजिन चढवलं, उतरवलं, पुन्हा चढवलं. "साहेब, शून्य आहे," तो हळूच म्हणाला. "नव्या गाडीलासुद्धा इतकं चांगलं येत नाही." "यंत्राला फसवलंय." "मी सेन्सरच्या भोकातून कॅमेरा घालून दाखवतो," मुलगा म्हणाला, "आतली जाळी दिसेल." "कॅमेरा तुझा, चित्र तुझं," साहेब म्हणाले. "डबा काप." "कापला की तो गेला, बाबा. पुन्हा जोडता येत नाही." "काप म्हणतो ना!" गाडीच्या आतून बायकोनं काचेवर हात आपटला, पण काच वर होती. मुलगा गाडीखाली गेला. त्यानं नवे नट एकेक करून सोडवले, डबा खाली घेतला, शिकंज्यात धरला आणि कटर लावला. ठिणग्या उडाल्या, पत्र्याचा जळका वास आला, सगळे दोन पावलं मागे सरले, साहेब जागचे हलले नाहीत. पत्रा सालीसारखा उलगडला. आत जाळी होती. अखंड, मधाच्या पोळ्यासारखी, एका टोकाला तासाभराच्या काजळीचा करडा डाग आणि बाकी सगळी स्वच्छ. पंक्चरवाला म्हणाला, "अरेरे, कोरा माल."

"पाइपातली काजळी जुनी आहे," मुलगा अधिकाऱ्याला सांगत होता, वडिलांना नव्हे. "जुना फिल्टर फुटका होता, त्यातून सुटलेली काजळी मागच्या पाइपात बसलेली असते. फिल्टर बदलला म्हणून ती जात नाही. शे-दीडशे किलोमीटर गाडी पळाली की उडून जाते. तोवर बोट घातलं तर काळंच निघणार." मग तो वडिलांकडे वळला. "तेच सांगत होतो मघाशी. आणि त्या दिवशीही तेच होतं, बाबा. बसचा फिल्टर आदल्या संध्याकाळी बसवला होता. पाइप तेवढा जुना होता. मला तेव्हा माहीत नव्हतं, असं का होतं ते. घर सोडल्यावर दोन वर्षांनी कळलं, एकाच्या हाताखाली शिकताना." एवढंच बोलून त्यानं डिझेलचा बोळा घेतला, साहेबांचा हात धरला आणि ते बोट पुसून काढलं, नखाच्या कडेपासून, चुण्यांतून, नीट. साहेबांनी हात ओढून घ्यायला हवा होता, पण तो ओढला गेला नाही. बोट स्वच्छ झाल्यावर मुलानं हात सोडला आणि बोळा कचऱ्याच्या डब्यात टाकला.

गाडीचं दार उघडलं. बायको आधी काठी, मग एक पाय, मग दुसरा, अशी उतरली. कुणी पुढे झालेलं तिनं चालवून घेतलं नाही. भाजीची पिशवी तिनं मुलाच्या हातात दिली. "तुझ्याकडे शेगडी आहे ना रे?" तिनं विचारलं. साहेबांकडे ती बघत नव्हती. "चल, घरी जायचंय," साहेब म्हणाले. ती खुर्चीवर बसली, तीच, सकाळी पुसून दिलेली. "तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "मी रविवारची वाट बघत नाही आता." साहेब गाडीकडे वळले तेव्हा अधिकारी अडखळत आडवा आला. "साहेब, रागावू नका. पण फिल्टर नाही तिला. अशी गाडी रस्त्यावर काढू देता येत नाही मला." मग तो म्हणाला, "तुमच्याच हाताखाली शिकलोय."

तेव्हा साहेब चालत निघाले. चालताना माणसाला विचार आवरता येत नाहीत. सिग्नलपाशी आल्यावर त्या जुन्या दिवसातला एक तुकडा, जो इतकी वर्षं त्यांनी ओलांडून जायची सवय लावून घेतली होती, तो समोर येऊन उभा राहिला. बोट घालण्याआधी ते वाकले होते. नेहमीसारखं बसच्या पोटाखाली बघितलं होतं. तिथं एक डबा होता, कोरा, त्यावरचा कागदाचा शिक्कासुद्धा जळला नव्हता, आणि नट चकाकत होते. त्यांनी ते बघितलं होतं. उठून उभे राहिले तर पोरगं पांढऱ्या शर्टात हसत होतं, बाप ओळखेलच अशा खात्रीनं, आणि रांग बघत होती की बोटवाले साहेब आता काय करतात. ते हसू त्यांना सहन झालं नव्हतं. बाकी काही नव्हतं त्यात.

घरी येऊन त्यांनी मोरीतला नळ सोडला. बोट स्वच्छच होतं, तरी साबण लावून घासलं, पुन्हा घासलं, डिझेलचा वास जाईना. पाणी बदाबदा पडत होतं. मग एकाएकी त्यांनी नळ बंद केला आणि ओल्या हातानं उभे राहून कान दिला. बाहेर कुणी काही बोलत नव्हतं.

"पाइप पुसून द्यायला काय झालं होतं त्याला?" मग ते मोठ्यानं म्हणाले, आणि त्यांनी नळ पुन्हा सोडला.